पाचवी प्रिंट

मोकळी बॅग घेऊन सिनेमाला आलेला नागेश देवधर हा त्या थिएटरातला एकटाच माणूस होता. बॅगही साधीसुधी नव्हे, चाकांची, आत माणूस मावेल एवढी.

"बाबा, निदान ती कोट-सामान ठेवायच्या खोलीत तरी ठेवा," ऊर्मिला पुन्हा म्हणाली. "लोक बघतायत."

नागेशनं बॅग आणखी पायाशी ओढली. पुण्याहून जर्मनीत हायडेलबर्गपर्यंत ती त्यानं मोकळीच आणली होती. लेकीकडे यायचं आणि बरोबर ना लोणचं, ना भाजणी. यावरून शुभाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, अबोला विमानतळापर्यंत टिकला होता. पण ही बॅग जाताना भरायची होती, एका असमिया सिनेमाच्या डब्यांनी.

सिनेमा प्रणव गोहाईंचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दोघं एका खोलीत राहिले, एका मेसचं पिठलं खाऊन प्रणव मराठी शिकला. चौऱ्याऐंशी साली त्यानं गावी जाऊन सिनेमा केला, तो कापला-जोडला नागेशनं. असमिया सिनेमाला तेव्हा बरे दिवस येत होते. पाच प्रिंट निघाल्या. चार आसामात फिरल्या. पाचवीवर जर्मन सबटायटल्स चढली, कारण इथल्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं होतं. तिकीट एकाचंच होतं. प्रणवनं ते मित्राला दिलं; नागेशनं जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या ना.

नागेश आला, टाळ्या घेतल्या, आणि निघताना सामान तोलून बघतो तर वजन जास्त. त्यानं शुभासाठी मिक्सर घेतला होता. डबे न्यायचे की मिक्सर, असा प्रश्न पडला. डबे याच थिएटरच्या तळघरात राहिले. मागाहून मागवून घेऊ, असं त्यानं ठरवलं. मागाहून थिएटर बंद पडलं, मालक वारला आणि पत्रांना उत्तरं येईनात. परदेशात दाखवायला तीच एक प्रिंट होती. आणखी दोन बोलावणी आली होती, ती हुकली. प्रणवनं फोनवर एवढंच विचारलं, "मिक्सर चालतो ना?" त्यानंतर वीसहून जास्त वर्षं तो नागेशशी बोलला नाही.

मिक्सर दुसऱ्याच वर्षी जळाला.

मधल्या काळात असमिया सिनेमाचे दिवस फिरले. टॉकीज ओस आणि फिरत्या नाटक कंपन्यांच्या तंबूंना तोबा गर्दी, अशी गत झाली. मग सीडीवाले आले. मधूनच एखादा सिनेमा धो धो चालायचा, लोक म्हणायचे, आता बघा. दुसऱ्या वर्षी आणखी टॉकीजना कुलूप. प्रणव शेतीखात्यासाठी भातावरच्या किडीच्या फिल्मा काढू लागला. यातली प्रत्येक बातमी ऐकून नागेशला वाटायचं, हे माझ्यामुळे. सगळ्या आसामचा सिनेमा एका मिक्सरनं बुडत नाही, हे त्याला कळत होतं. पण कळून काय उपयोग?

गेल्या वर्षी, दोन हजार पाचच्या हिवाळ्यात, थिएटरची दुरुस्ती निघाली आणि तळघरात डबे सापडले. युनिव्हर्सिटीच्या फिल्म क्लबनं दोघांनाही बोलावलं. आज तो खेळ होता.

प्रणव आला तो नागेशच्या अंगावरून सरळ पुढे गेला. केस पांढरे झालेले, चाल मात्र तीच. क्लबच्या फ्राऊ लिंडनर या बाईंना त्यानं घाईघाईनं इंग्रजीत विचारलं, "सगळी रिळं आहेत? शेवटचंसुद्धा? नक्की?" नागेशला नवल वाटलं. घरी चार प्रिंट असलेल्या माणसाला ही काय काळजी?

मग फ्राऊ लिंडनर बोलायला उभ्या राहिल्या. "आपण श्रीयुत देवधर यांचे ऋणी आहोत. आमच्या थंड, कोरड्या तळघराचं मोल ओळखून त्यांनी मोठ्या दूरदृष्टीनं ही प्रिंट इथे ठेवली." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. ऊर्मिलानं खाली बघितलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं नागेशला झालं. एकट्या प्रणवनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

सिनेमा सुरू झाला. त्या साली जर्मन टीव्हीवर हिंदी सिनेमांची लाट होती. टिकल्या लावून आलेल्या दोन मुली अर्धा तास नाचाची वाट बघून उठून गेल्या. बाकीचे हलले नाहीत. पडद्यावर नदी काठ खात होती आणि एक बाई आपलं घर बांबू-बांबूनं सोडवून मागे नेत होती. पहिल्या रांगेत प्रणवचे ओठ प्रत्येक वाक्याबरोबर हलत होते. दिवे लागले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तो बसूनच होता.

नागेश बॅग ओढत त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. शब्द त्यानं विमानात पाठ केले होते, ते सगळे गेले.

"प्रणव, या वेळी दुसरं काही घेतलेलं नाही. डबे मीच आणतो. गुवाहाटीला, तुझ्या दारापर्यंत."

प्रणवनं मोकळ्या बॅगेकडे बघितलं, मग नागेशकडे.

"नको," तो त्याच जुन्या मेसच्या मराठीत म्हणाला. "इथेच विसरून जा."

"अरे, पण तुझ्या त्या चारांच्या जोडीला ही पाचवी..."

"त्यातली एक पुरात गेली. दोन बुरशीनं खाल्ल्या. एक टॉकीजमध्ये होती, तिथे आता लग्नं लागतात." प्रणवनं चष्मा काढून पुसला आणि नागेशचा हात धरला. "त्या चार मी स्वतः सांभाळत होतो."