पाच दात्यांची हिरवी माशी

"हे वाटूरचं," म्हणत कचरूनं मातीचं चिमुकलं घर टेबलावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरला.

नरहर मास्तरांनी ते भिंगाखाली धरलं. कुंभारीण माशीनं बांधलेलं, अंगठ्याएवढं, पांढुरक्या मातीचं. आधी आणलेलं राजूरचं असंच होतं, कुंभार पिंपळगावचंही असंच. मास्तर खूश झाले. गाव कोणतंही असो, कुंभारीण माती मात्र पारखून घेते, असं त्यांनी कचरूला समजावून सांगितलं.

"बराबर हाय," कचरू म्हणाला.

निजामाच्या राज्यात जालन्याच्या ज्या शाळेत मास्तर विज्ञान शिकवत, तिथलाच हा शिपाई. मास्तरांचे गुडघे गेले तेव्हापासून गावोगावच्या फेऱ्या त्याच्याकडे आल्या होत्या. बायको तुळजाबाई वारल्यापासून घरी त्याची वाट बघणारं कोणी नव्हतं. चार दिवस बाहेर राहिला तरी कुणाचं काही बिघडत नसे.

मास्तरांनी ते घर कंदिलाच्या काचेत ठेवलं आणि दोन्ही तोंडांना फडकं बांधलं. आतून कुंभारीण निघाली तर मेहनत पाण्यात. हिरवी निघाली तर सोनं.

ही हिरवी म्हणजे पक्की ऐतखाऊ. कुंभारणीनं राबून घर बांधावं, पिल्लासाठी शिदोरी भरावी, आणि हिनं हळूच आत अंडं घालून चालू लागावं. कुंभारणीच्या कष्टावर हिचं पोर पोसलं जातं. माणसांत अशी उदाहरणं कमी नाहीत, पण ती निदान इतकी देखणी नसतात. पुस्तकातल्या हिरव्या माशीच्या शेपटाला चार दाते होते. मास्तरांना सापडलेलीला पाच.

कलकत्त्याच्या तज्ज्ञांना ती त्यांनी पाठवली होती. त्यांचं उत्तर रोखठोक होतं. एका घरातल्या माश्या एकाच आईच्या असू शकतात, तेवढ्यावर काही ठरत नाही. दूरदूरच्या तीन गावांतून पाच दात्यांचीच निघाली, तर वेगळी जात मानू. आणि मानली, तर नाव ठेवण्याचा मान मास्तरांचा.

नाव ठरलेलं होतं. बायकोचं. उमा.

त्याला कारण होतं. पाच दात्यांची पहिली माशी मास्तरांच्याच माजघरात निघाली होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत. कुंभारणीनं घरात घर केलं की पाळणा हलतो, असं तिकडच्या बाया मानतात. ज्या बाईला मूल हवं असतं, तिच्या घरातलं ते कोणी फोडत नाही. उमाबाईंनी हात जोडून सांगितलं होतं, एवढं राहू द्या. मास्तर हसले आणि त्यांनी भिंतीला चाकू लावला.

पुढं मूल झालं नाही. एका गोष्टीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी आपण हसायला नको होतं, हेही ठाऊक होतं, आणि ते त्यांना आयुष्यभर पुरलं.

उमाबाई चहा घेऊन आल्या. "लोक देतात का रे कचरू, ही घरं?"

"देतात की."

"आणि बाया? त्या काय म्हणतात?"

"काय म्हन्तील, बाई. काई बोलत न्हाईत."

"माझ्यानं नसतं देववलं," उमाबाई म्हणाल्या.

कचरूनं चहा बशीत ओतला आणि बराच वेळ फुंकत बसला.

तिन्ही काचांत हिरव्याच निघाल्या. तिघींनाही पाच दाते. मास्तरांनी भिंतीवरच्या नकाशात तीन टाचण्या टोचल्या आणि माश्या कापसात गुंडाळून कलकत्त्याला रवाना केल्या.

दिवाळी उलटल्यावर होकार आला. तिन्ही गावांची नावं छापली होती आणि वर उमाबाईंचं. मास्तरांनी ते त्यांना वाचून दाखवलं.

"दुसऱ्याच्या घरात अंडं घालणारी, आणि नाव माझं," उमाबाई म्हणाल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "तुम्हालाही लागून राहिलं होतं म्हणायचं. मला वाटायचं, विसरून गेलात."

मास्तरांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाबाईंनी खण, नारळ आणि तांदूळ काढले. "ज्या बायांनी घरं दिली, त्यांच्या ओट्या भरून यायच्यात मला. स्वतःच्या हातानं आस काढून दिली त्यांनी. कचरू, दमणी जुंप."

"कशाला बाई? लई लांबचा पल्ला हाय."

"असू दे."

"खर्चबी बिनकामाचा."

"कचरू, मी जाणार."

कचरूनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर काठी शोधत होते. त्यांनाही यायचं होतं.

दमणी वाटूरच्या रस्त्याला लागली. गावाबाहेर आल्यावर थोड्याच वेळात कचरूनं दमणी आडवाटेला घेतली आणि एका बंद घरापुढं उभी केली.

"अरे, वाटूर कुठं आलं अजून?" मास्तर म्हणाले. "हे कोणाचं घर?"

"माझं."

इतक्या वर्षांत मास्तर तिथं कधी आले नव्हते. कचरूनं कडी काढली. उमाबाई ओटीचं ताट घेऊन आत गेल्या, मागून काठी टेकत मास्तर. चुलीमागची भिंत कुंभारणीच्या घरांनी खालपासून आढ्यापर्यंत भरलेली होती. मधल्या तीन जागा तेवढ्या खरवडलेल्या होत्या.

"तुळजीनं जलमभर यकालाबी हात लावू दिला न्हाई," कचरू म्हणाला. "गावं समदी फिरलो, बाई. पन बाया हात जोडायच्या, मंग माझा हात उठंना. तिन्ही गावची म्हनून हितलीच काढून देली."