एकाचे दहा

"अगं, सुई तूच धर. माझा हात बघ कसा थरथरतोय," तो म्हणाला.

छत्तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स असलेली त्याची बायको निवृत्त झाल्यापासून खिडकीशी नुसती बसून असायची. ती कुरकुरतच उठली. नवऱ्याच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या मत्स्यटाकीत अ‍ॅनिमोन नावाचे समुद्री जीव माजले होते. दिसायला फुलं, पण शेजारच्या प्रवाळांना डसून मारणारी.

"कात्रीनं छाटून टाका की!"

"छे! कापलं की एकाचे दहा होतात. तोंडात लिंबाचा रस टोचायचा, तोही त्याला कळायच्या आत. धक्का लागला की फटीत पसार."

"शिकवताय कुणाला? दोन दिवसांच्या बाळाची शीर सापडायची मला." तिनं बाह्या सरसावल्या.

पहिला गेला. दुसरा गेला. "तो बघा, दगडाआड दडलाय लबाड! अहो, टॉर्च नीट धरा!" हात कोपरापर्यंत पाण्यात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. जेवायचंही भान राहिलं नाही. सत्तेचाळिसावा टिपल्यावर तिनं लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, एखादा राहिलाय का बघा ना!"

मागच्या काचेवर एकच उरला होता, नखाएवढा.

"आज काही दिसत नाही गं. पण आठवडाभर थांब," असं म्हणत त्यानं हळूच कात्री उचलली.

पाण्यात शिरलेला त्याचा हात जराही थरथरत नव्हता.