आरोहीच्या लग्नाचा व्हिडिओ

लेकीच्या, आरोहीच्या, लग्नाचा एचडी व्हिडिओ बार्शीहून आला. विजयमालाबाईंनी तो सोलापुरातल्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लावला. चित्र अगदी लख्ख होतं, पण दर दोन सेकंदांना अडकायचं. अक्षता हवेतच थांबायच्या आणि मग एकदम जमिनीवर दिसायच्या.

"मशीन म्हातारं झालंय गं. ऱ्हाऊ दे की," नवरा, कुमारराव, म्हणाले.

पण शाळेच्या ऑफिसात बाईंची वीस वर्षं कॉम्प्युटरवरच गेली होती. रविवारी दुपारी त्यांनी बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केले, एक हलका प्लेअर टाकला आणि व्हिडिओ पुन्हा लावला. आता तो कुठंही न अडखळता चालला. अक्षता पडल्या, आरोही हसली, वऱ्हाडी जेवायला बसले.

फक्त कुमारराव अडकत होते. आजूबाजूची माणसं नीट चालत होती. ते मात्र मांडवाच्या दारात थांबायचे आणि एकदम चार पावलं पुढे दिसायचे.

बाईंनी तेवढाच भाग तीनदा पाहिला आणि व्हिडिओ बंद केला.

"झालं का नीट?" मागून कुमाररावांनी विचारलं. ते खुर्चीत पेपर वाचत बसले होते.

"झालं की," म्हणत बाई उठल्या आणि त्यांच्यासाठी चहा करून घेऊन आल्या.

"लई ब्येस," म्हणायला कुमाररावांनी तोंड उघडलं, कपासाठी हात पुढे केला. हात अर्ध्यावरच थांबला. तोंड उघडंच राहिलं. वर पंखा फिरत होता.

मग कप त्यांच्या हातात होता. बाईंनी तो अजून दिलाच नव्हता.