बरोबरचे चिन्ह

बहरीनमधल्या नईम या वस्तीतल्या घरात संगणकाशेजारी मुंबईची दोनच तिकिटे होती: श्रावस्तीचे आणि तिच्या आईचे. त्या दोघींचा फॅमिली व्हिसा संपत होता. शिफ्टला निघण्यापूर्वी दशरथ लेकीला बेसिक या संगणकभाषेचा शेवटचा धडा द्यायला बसला. तिने इंग्रजी अक्षरांत ‘घर=नईम’ लिहिले आणि वाचले, “घर बरोबर नईम.” “हे गणितातलं बरोबर नव्हे, पोरी,” तो थकलेल्या आवाजात म्हणाला. “उजवीकडचं डावीकडे ठेवायचं, एवढंच. आधीचं पुसलं जातं.” तिने खाली आता परतायचे ते गाव घालून ‘घर=अकोला’ लिहिले. प्रिंटची आज्ञा देताच पडद्यावर एकटे अकोला उमटले. “सो, नईम इज गॉन?” “हो.” हिरवा कर्सर लुकलुकत राहिला. तिने तिकिटांवर तळहात ठेवला. “पण बाबा, ‘बरोबर’चा दुसरा अर्थ तर खरा ना? यू आर कमिंग, आमच्याबरोबर?” दशरथने टेबलावरचा डबा उचलला, बुटांत पाय सरकवले आणि जिना उतरला.