दुखण्यापुरतं येणं-जाणं

"आता उठा बघू," डॉक्टर म्हणाले.

जानकी हलली नाही. आठ आठवड्यांपूर्वी माळ्यावरची कोकमाची सोलं काढताना शिडी सटकली आणि तिच्या ओटीपोटाचं हाड मोडलं. याला प्लास्टर नसतं, असं मालवणच्या या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. कमरेला पट्टा आवळायचा, दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या लावायच्या आणि खाटेवर फळी घालून उताणं पडून राहायचं. पन्नाशीची निपुत्रिक विधवा ती. तिचं करणार कोण?

आली ती भिंतीपलीकडची नर्मदा, तिची धाकटी जाऊ. बारा वर्षांपूर्वी दोघा भावांनी भांडून घराच्या मधोमध भिंत घातली होती. भाऊ गेले वर, अबोला मात्र बायकांच्या गळ्यात मारून गेले. पण गावची रीत चोख. भाऊबंदकी असली तरी दुखणाइताच्या दारात जायचं, आणि माणूस हिंडूफिरू लागलं की आपापल्या अंगणात परत.

नर्मदेने पाच दिवस चकार शब्द न काढता पेज भरवली, अंग पुसलं, केस विंचरले. सहाव्या दिवशी विचारलं, "पेज मिठाक बरी आसा मां, वयनी?" जानकीला रडूच कोसळलं. नवरा गेल्यापासून त्या घरात तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

गेले दहा दिवस ती चोरून चालत होती. आधी भिंत धरून, मग न धरता. नर्मदेची चाहूल लागली की झटकन आडवी. असली लबाडी तिने जन्मात केली नव्हती. पण आपण उठलो की ही जाणार.

"कळ येते हो, उठवत नाही," ती कण्हत म्हणाली.

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे हाड जुळलं नाही. मिरजेच्या इस्पितळात न्यावं लागेल."

खरं सांगावं तर नर्मदा गेली, न सांगावं तर मिरज. ती तोंड उघडणार, तोच उशाशी उभ्या नर्मदेने डॉक्टरांना पडवीत नेलं. बोलणं हळू होतं, पण खाटेवर ऐकू येत होतं.

"हाड बरा आसा तिचा, डॉक्टर. दुपारभर चलता ती. मी भितीक कान लावन आयकतंय."

"मग हे नाटक कशाला?"

"तां तिचा तिका ठावक. पण अजून म्हयनोभर निजाक सांगा तिका. ती उठली की माका हय येवक मिळूचा नाय."