हात मागे, डोळे पुढे

कोच हॅल्व्हर्सन कॉलेजात रिले धावले आणि पुढे एक्केचाळीस वर्षं आमच्या शाळेत बीजगणित शिकवत राहिले. फळ्यावरची समीकरणं दाखवायला ते कॉलेजातली लाकडी, खडूने माखलेली बॅटन वापरत. मैदानावर त्यांची एकच ताकीद: “हात मागे, डोळे पुढे. बॅटन येतेच, ती काय वाटेत कॉफी प्यायला थांबत नाही.” सोमवारी ती बॅटन हातात देऊनच आम्ही त्यांना पुरलं. त्याच आठवड्यात शनिवारच्या रिले शर्यतीत शेवटचा टप्पा माझा, त्याआधीचा ब्रिनचा. मागून “हात!” ऐकू आलं. न बघता मी हात मागे केला, बॅटन तळव्यात बसली आणि मी सुटले. पहिली आले, पण टाळ्या वाजल्या नाहीत. वळणावर पडलेली ब्रिन लंगडत आली, आमची बॅटन तिच्याच हातात. “अगं, काय घेऊन पळालीस?” मी मूठ उघडली. रिकामी होती. तळवा खडूने पांढरा झाला होता.