मुठीचा विचार

"काकू, हात सोडा त्यांचा. नाहीतर तुमच्याच हालचालीची नोंद व्हायची."

फुसाएने पांघरुणाखालचा हात काढून घेतला. डॉक्टर आरिमुरांनी तेत्सुजींच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि एकेका छिद्रात चिकट मलम भरलं. पक्षाघात झाल्यापासून पाच महिने तेत्सुजी असेच पडून होते. डोळे उघडे, नजर छताला.

"मूठ आवळायचा नुसता विचार केला, तरी पडद्यावरची रेघ बदलते," डॉक्टर म्हणाल्या. "माझा आवाज परका. तुमचा ओळखतील. घरी मारता तशीच हाक मारा."

"नावानेच मारते मी," फुसाए म्हणाली.

काचेपलीकडे मुलगा उभा होता, कोहेई. त्याने कालच निक्षून सांगितलं होतं. मेंदू जागा असेल तर बाबा कागोशिमातल्या याच इस्पितळात राहतील, वर्ष लागो की दोन. नसेल, तर खुशाल माकुराझाकीला घरी न्या. पोरगा मायेचा, पण हट्टाला बापाच्या वरताण. बापाचा उभा जन्म तिकडे मासे धुरावण्यात गेला होता. मरेन तर याच धुराच्या वासात, असं ते येताजाता म्हणायचे.

एवढं आजचं नीट पार पडू दे, फुसाएने मनातल्या मनात हात जोडले.

"तेत्सुजी-सान..." तिची जीभ अडखळली. "मूठ आवळा."

रेघ बदलली नाही.

"पुन्हा म्हणा. घाई नको, काकू."

तिने चाळीस वेळा हाक मारली. चाळीसही वेळा रेघ आपली जशीच्या तशी. शेवटी डॉक्टरांनी यंत्र बंद केलं आणि कमरेत वाकून माफी मागितली. फुसाए रुमालात तोंड खुपसून हमसाहमशी रडली.

कोहेईचेही डोळे भरले होते. "पुरे आता, आई. आपण उद्याच नेऊ त्यांना घरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना घरच्या अंथरुणावर निजवून कोहेई औषधं आणायला गेला. शेजारच्या भट्टीचा धूर खिडकीतून आत येत होता. फुसाएने त्यांच्या केसांतलं मलम कोमट पाण्याने धुतलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

"अहो," ती कानाशी वाकून म्हणाली, "नाव घेतलं म्हणून रागावू नका हं. पण छान गप्प राहिलात."

रोजच्यासारखाच त्यांनी अंगठ्याने तिचा तळवा दोनदा दाबला.